ठणठणीतरावांचा दौरा

त्यांचे खरे नाव कंपनीच्या कागदपत्रांत कुठेतरी असणार, पण बावीस वर्षांत ते कोणी वापरले नव्हते. परक्याच्या दारात उभे राहून, छाती पुढे काढून, "माझ्याकडे बघा, कसा आहे मी? ठणठणीत!" असे म्हणायची त्यांना सवय होती. लोकांनी त्यांचे ठणठणीतराव करून टाकले. बायको रागावली की तीही याच नावाने हाक मारायची.

ते रोगप्रतिकारशक्ती विकायचे. प्रत्यक्षात विकायची ती एक तपकिरी पावडर, हिरव्या डब्यातली, सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून घ्यायची. पण आपण पावडर विकतो असे त्यांनी कधी कबूल केले नाही. बेल वाजवायची, घरातले सगळ्यात दमलेले माणूस शोधून काढायचे, त्याच्याकडे बघून हळहळायचे आणि म्हणायचे, "तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीय हो." हे त्यांना कसे कळायचे? चेहऱ्यावरून. बावीस वर्षांत ज्याची प्रतिकारशक्ती हवी तेवढीच आहे असा एकही माणूस त्यांना भेटला नाही. सगळ्यांची कमीच. जास्त झाली तर काय होते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि आपण होऊन असले प्रश्न पाडून घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

कंपनीचे ऑफिस टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत होते. दर सोमवारी सकाळी सगळे विक्रेते तिथे रांगेत उभे राहायचे. मोठे साहेब एकेकासमोर थांबायचे, आणि ज्याच्यासमोर थांबतील त्याने डब्यातली पावडर पाण्यात ढवळून एका दमात प्यायची आणि खणखणीत आवाजात आपली तब्येत सांगायची. खोकला आला तर? खोकला येतच नसे. या कंपनीत कोणी आजारी पडत नव्हते. माणसे दौऱ्यावर जायची. पडसे झालेला दोन दिवस दौऱ्यावर. एक जण कावीळ होऊन बेचाळीस दिवस दौऱ्यावर होता आणि परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा सगळ्यांनी मोठ्या शिताफीने पाहिला नाही. जो प्रतिकारशक्ती विकतो त्याला शिंक येऊन कसे चालेल, एवढे साधे गणित होते.

आणि वर्षभरात एकही दौरा न काढणाऱ्याला पितळी ढाल मिळायची. ठणठणीतरावांच्या घरात अशा एकवीस ढाली होत्या. बायको एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसायची, लोकांच्या कोटांवरचे डाग दिवसभर बघायची, आणि घरी आली की या ढालींवरची धूळ पुसायची. तिने ती पावडर आयुष्यात एकदाच चाखली होती. भिंत खरवडून खाल्ल्यासारखी लागते, एवढेच तिचे मत होते.

बाविसावी ढाल मात्र नुसती ढाल नव्हती. साहेबांनी शब्द दिला होता, की यंदाही रजा पडली नाही तर महिनाभराने होणाऱ्या ग्राहक मेळाव्यात ठणठणीतरावांना विभागप्रमुख म्हणून जाहीर करायचे. विभागप्रमुखाला टेबल होते, पंखा होता, आणि मुख्य म्हणजे जिने नव्हते. ठणठणीतरावांचे गुडघे गेली चार वर्षे जिन्यांवर कुरकुरत होते, अर्थात घरातल्या घरात.

आणि नेमक्या त्याच महिन्यात, एका सोमवारी पहाटे, त्यांना थंडी वाजून ताप भरला.

आता आत काय चालले होते ते सांगायलाच हवे, कारण बावीस वर्षे जी वस्तू विकली ती असते कशी हे ठणठणीतरावांना माहीत नव्हते. एक विषाणू त्यांच्या घशातल्या एका पेशीत शिरला होता आणि तिलाच राबवून आपल्या प्रती काढत होता. पेशी बिचारी मरायला टेकली, पण मरण्यापूर्वी तिने आजूबाजूला निरोप धाडले. हे निरोप म्हणजे बारीक बारीक प्रथिने. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांच्या पुष्कळ जाती आहेत. इंटरफेरॉन नावाचा निरोप शेजारच्या पेशींना सांगतो की दारे लावून घ्या, विषाणूला प्रती काढायला साहित्य देऊ नका. दुसरे निरोप रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात. काही थेट मेंदूपर्यंत पोचतात आणि अंगातला ताप वाढवायला सांगतात. अंग मोडून येते, अन्नावरची वासना उडते, नुसते पडून राहावेसे वाटते, ते विषाणूमुळे कमी आणि या निरोपांमुळे जास्त. थोडक्यात, ठणठणीतरावांचे शरीर त्यांना कळकळीने सांगत होते की गप पडून राहा. ते उठले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि सोमवारच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"कसे आहात?" साहेबांनी विचारले.

"ठणठणीत!" ठणठणीतराव म्हणाले आणि पावडर एका दमात प्यायले. ती पोटात राहावी म्हणून त्यांना पुढची दहा मिनिटे छताकडे बघत उभे राहावे लागले.

पाच दिवस हे असेच चालले. तापाची गोळी बायकोला चोरून घ्यायची, ती चढली की दोन गल्ल्या करायच्या, उतरायला लागली की एखाद्या जिन्याखाली टेकायचे. पावडर एका चमच्यावरून तीन चमच्यांवर नेली. सहाव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटे उरला. आरशासमोर उभे राहून त्यांनी स्वतःलाच एक डबा विकला. आठव्या दिवशी ताप परत आला, आणि येताना धाप घेऊन आला.

नवव्या दिवशी ते एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार उघडले. ठणठणीतराव छाती पुढे काढून "ठण" एवढेच म्हणाले. पुढचे बाहेर येईना. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा "ठण" झाले. दारातल्या बाईंना वाटले की हा कोणी भांडी दुरुस्त करणारा असावा. "नकोय आम्हाला," म्हणून त्यांनी दार लावून घेतले. ठणठणीतराव जिन्यातच बसले. डब्यांच्या पिशवीवर डोके टेकून त्यांनी बायकोला फोन लावला.  ती नुसता श्वास ऐकून दुकानाचे काउंटर तसेच उघडे टाकून निघाली.

दवाखान्यात रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला चिमटा लावला तर आकडा शहाऐंशी. निरोगी माणसाचा पंचाण्णवच्या वर असतो. नाकाला नळी लागली, रक्त काढले, छातीचा फोटो झाला. बायकोने साहेबांना फोन करून खरे ते सांगितले. साहेब अतिशय सहानुभूतीने म्हणाले, "वहिनी, अजिबात काळजी करू नका. मी सगळ्यांना सांगतो, ते दौऱ्यावर गेलेत."

दुपारी डॉक्टर आली. वयाने ठणठणीतरावांना मुलगी शोभेल अशी, केस घाईने वर बांधलेले, हातात रिपोर्ट. तिने खुर्ची ओढली आणि ती पलंगाजवळ बसली.

"काका, विषाणू आता फार उरलेला नाही तुमच्यात," ती म्हणाली. "त्रास होतोय तो तुमच्याच प्रतिकारशक्तीचा. ती थांबायलाच तयार नाही."

इतक्या वाईट अवस्थेतही ठणठणीतरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे... जास्त... झालीय?"

"जास्त नाही, बेताल झालीय. तुम्ही काय काम करता?"

"विक्री," बायको म्हणाली. कसली ते तिने सांगितले नाही.

"मग असं समजा," डॉक्टर म्हणाली, "एका दुकानानं गोदामाला कळवलं, माल पाठवा. माल आला. दुकान भरलं. आता कोणीतरी बास म्हणायला हवं ना? शरीरातही बास म्हणणारे निरोप असतात. तुमच्यात ते कमी पडले. मदतीला आलेली प्रत्येक पांढरी पेशी आणखी दहाजणींना बोलावतेय. सगळ्या फुप्फुसात गोळा झाल्यात. रक्तवाहिन्या पाझरायला लागल्यात, जिथं हवा असायची तिथं पाणी साचतंय. हा बघा, इंटरल्युकिन सहा. असल्याच निरोपांपैकी एक. कितीतरी पटीनं वाढलाय."

"मग आता?" बायकोने विचारले.

"स्टेरॉइड सुरू करायचं. आरडाओरडा खाली आणायचा. हे पहिल्या दिवसांत दिलं असतं तर उलट नुकसान झालं असतं, तेव्हा ती हाकाटी गरजेची होती. आता ती गरज संपलीय, आणि फुप्फुस फार दिवस थांबणार नाही. प्रतिकारशक्ती थोडी दाबली जाईल, पण आत्ता तेच हवंय."

ठणठणीतरावांनी नळीसकट मान हलवली. नाही. त्यांनी दोन्ही हात गादीवर आपटले. नाही, नाही. दाबायची? ज्या माणसाने बावीस वर्षे दारोदार जाऊन वाढवा, वाढवा म्हणून कंठशोष केला, त्याची प्रतिकारशक्ती दाबायची? आणि तेही मेळाव्याच्या तोंडावर?

"मी... पावडर... घेतो," ते एकेक शब्द तोडत म्हणाले. "रोज. तीन... चमचे. तिच्यामुळं... झालं का हे?" इथे त्यांच्या डोळ्यांत भीतीबरोबर थोडी आशाही होती, हे खोटे कशाला सांगा.

डॉक्टरने पलंगाजवळच्या पिशवीतून डबा काढून त्याच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचले. "छे. हिनं काहीच केलेलं नाही. वाईटही नाही आणि चांगलंही नाही."

आजवर त्या पावडरीला कोणी भिंतीचा चुना म्हटले होते, कोणी फसवणूक म्हटले होते. ते ठणठणीतरावांनी हसत पचवले होते. पण काहीच नाही? त्यांना रडू कोसळले. श्वास पुरत नसल्यामुळे ते नीट रडूही शकले नाहीत. डॉक्टर औषधाच्या संमतीचा कागद उशाशी ठेवून, अर्ध्या तासात येते म्हणून निघून गेली.

बायको पलंगाच्या कडेवर बसली.  समोर नवरा मरायला लागला होता आणि त्याला लाज वाटत होती ती औषधाची.

"लोकांना कळलं तर?" ते म्हणाले. "सगळं... जाईल. टेबल... नाव..."

"कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही दौऱ्यावर आहात."

 ठणठणीतरावांनी हात पुढे केला आणि तिने त्यात पेन दिले. सही इतकी वाकडी आली की डॉक्टरने ती दोनदा करून घेतली.

औषधाने चमत्कार केला नाही, काम केले. दोन दिवस काही फरक दिसेना. तिसऱ्या दिवशी धाप थोडी बसली. पाचव्या दिवशी नळीतला प्राणवायू कमी केला. दहाव्या दिवशी ठणठणीतराव भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेले आणि खाली रस्त्यावर माणसे फुकटात श्वास घेत चालली आहेत हे बघून त्यांना भरून आले. त्या दिवसांत त्यांनी डॉक्टरला इतके प्रश्न विचारले की ती त्यांच्या खोलीवरून पाय न वाजवता जायला लागली. निरोप कोण पाठवतो? थांबवतो कोण? मग वाढवा म्हणजे नेमके काय वाढवा? त्यांचा धंदा एव्हाना तिला कळला होता. शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, "तेच तर आम्हालाही कळत नाही, काका. तुमचे लोक काय वाढवायला सांगतात?"  ठणठणीतराव खाली बघून पायातली चप्पल सारखी करत बसले.

घरी आल्यावर साहेब भेटायला आले. येताना भाषण लिहूनच आणले होते. "फार मोठा दौरा झाला तुमचा," ते डोळा मिचकावून म्हणाले. "ढाल पक्की, टेबल पक्कं. फक्त स्टेजवर उभं राहून एवढं वाचायचं." कागदावर दोनच परिच्छेद होते आणि त्यांत पावडर चौदा वेळा होती.

साहेब गेल्यावर ठणठणीतरावांनी तो कागद बायकोला दाखवला. तिने वाचला, घडी घातली आणि परत दिला. "तुम्हाला काय म्हणायचंय?" तिने विचारले. मेळाव्याला चार दिवस होते. चारही रात्री त्यांना झोप लागली नाही. टेबल आणि पंखा त्यांना खरेच हवा होता, आणि आता गुडघ्यांच्या जोडीला फुप्फुसही कुरकुरत होते. तरी मेळाव्याच्या सकाळी त्यांनी तो कागद खिशात न ठेवता घरीच ठेवला. बायकोने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग ती दुकानात निघून गेली.

हॉल गच्च भरला होता. चारशे माणसे, प्रत्येकाच्या मांडीवर हिरवा डबा. ठणठणीतराव माइकसमोर उभे राहिले. 

"मी दौऱ्यावर नव्हतो," ते म्हणाले. "मी दवाखान्यात होतो. माझ्या प्रतिकारशक्तीनं मला जवळजवळ मारलं होतं."

 मागून कोणीतरी "वा!" म्हणाले.

"डॉक्टरांना औषध देऊन ती खाली आणावी लागली, तेव्हा..."

टाळ्या सुरू झाल्या. आधी मागच्या रांगांतून, मग सगळीकडून. लोक उठून उभे राहिले. डॉक्टरांना आवरावी लागली! औषध देऊन! एवढी ताकद! ठणठणीतराव दोन्ही हात वर करून ओरडत होते, "नाही हो, ऐका, या पावडरीनं काही केलेलं नाही, काहीच नाही," पण त्या हातांकडे बघून लोकांना वाटले की ते अभिवादन करतात, आणि टाळ्या आणखी वाढल्या. साहेब डोळे पुसत स्टेजवर आले, त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या हातातून माइक हळूच सोडवून घेतला. पुढच्या महिन्यात डब्यावर नवे वाक्य छापायचे हे त्यांनी तिथेच जाहीर केले: 'डॉक्टरांनाही आवरावी लागली!' विभागप्रमुखपदही त्याच दमात जाहीर झाले. बाहेरच्या टेबलांवरचे डबे पंधरा मिनिटांत संपले.

ठणठणीतराव मागच्या दाराने बाहेर पडून पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा माल न विकण्यासाठी बोलले होते, आणि एवढी विक्री आजवर झाली नव्हती. त्यांना हसू आले आणि लगेच स्वतःचीच शरम वाटली.

"साहेब," कोणीतरी म्हणाले.

एक म्हातारी उभी होती. पांढरे केस, हातात डबा, झाकणावरचा कागद अजून तसाच. "आमच्या ह्यांना नऊ दिवस झाले ताप आहे," ती म्हणाली. "मध्ये उतरला होता. कालपासून धाप लागतेय. किती चमचे देऊ?"

ठणठणीतराव ताडकन उठले. "आजी, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. हे पावडरीचं काम नाही."

"दवाखाना नको. तिथं प्रतिकारशक्ती मारायचं औषध देतात."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, तुम्हीच," म्हातारी आश्चर्याने म्हणाली. "मागल्या वर्षी. आमच्या दारात उभे होतात."

ठणठणीतरावांना ते दार आठवले नाही. इतकी दारे झाली होती. त्यांनी तिला समजावायला सुरुवात केली, पेशी, निरोप, फुप्फुसातले पाणी, सगळे. ते घडाघडा बोलत होते आणि म्हातारी त्यांच्या तोंडाकडे न बघता डब्याकडे बघत होती. "चमचे तेवढे सांगा," ती म्हणाली. "ते घरी एकटेच आहेत."

मग ठणठणीतरावांनी छाती पुढे काढली. जेवढा श्वास भरला तेवढ्यात त्यांनी आपला जुना, दारातला आवाज लावला.

"आजी, हा नवा डबा आहे. ह्याचा नियम वेगळा. हा घरात घेतला तर लागू पडत नाही. आधी माणसाला दवाखान्यात न्यायचं. नाकाला नळी लावायची. डॉक्टर जे जे देतील ते सगळं घ्यायचं, एकही औषध चुकवायचं नाही. बरं होऊन घरी आले की मगच झाकण काढायचं. आधी उघडला तर गुण गेला."

"असं होय!" म्हातारी म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं?"

ती लगबगीने निघाली. ठणठणीतराव तिच्या मागोमाग टॅक्सीत बसले. घरून म्हाताऱ्याला दोघांनी मिळून खाली आणले. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि तो काही बोलत नव्हता. वाटेत म्हातारीने डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. दवाखान्याच्या दारात ती एकदम थबकली आणि ठणठणीतरावांच्या डोळ्यांत बघू लागली.

"तुम्ही खोटं तर नाही ना सांगत मला?"

"आजी," ठणठणीतराव म्हणाले, "बावीस वर्षं मी हेच करतोय."

एवढा अनुभव म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तिने नवऱ्याचा हात धरला आणि त्याला आत नेले.